जर्मन गोटी

१२ ऑक्टोबर १९७९, शुक्रवार. चिंचणी.
आज सुट्टी टाकून सगळ्या गोट्या पुसल्या. या पट्ट्यात अस्सल जर्मन गोटी ओळखणारा माझ्याशिवाय कोणी नाही. जर्मन गोटी जुनी, हाताने केलेली; तिला दोन्ही टोकांना काच कापल्याची बारीक खरखर असते. मशीनची गोटी सगळीकडून गुळगुळीत. बायकोच्या, जयवंतीच्या, बोटाला ही खरखर लागत नाही. माझ्या बोटाला लागते. सवयीचा प्रश्न आहे.
धाकटा भाऊ दिनानाथ सकाळी मुरब्याला गेला. तिथल्या रामाच्या होडीचं इंजिन समुद्रात गेल्यावरच बंद पडतं, म्हणून सोबत जाऊन बघणार. जाताना खिशातली गोटी दाखवून हसला. आत निळा पीळ असलेली. त्याने इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप टाकलं तेव्हा मीच दिली होती. जर्मन.
संध्याकाळी वारं सुटलं.

१४ ऑक्टोबर
होडी उलटली. रामाचं प्रेत मुरब्यालाच लागलं. दिनूचा पत्ता नाही. तो पट्टीचा पोहणारा आहे. कुठल्यातरी होडीने उचलून गुजरातकडे नेला असेल. त्याच्या बायकोला, विजयाला, तसं स्पष्ट सांगितलं. घरात एकाने तरी डोकं शांत ठेवायला हवं.

१७ ऑक्टोबर
घिवलीला एक प्रेत लागलं. हवालदाराने बोलावलं. विजया यायला निघाली होती, तिला थांबवलं. चेहरा राहिला नव्हता म्हणे. हवालदार चादर काढू लागला. मी म्हटलं, आधी खिशात काय सापडलं ते दाखवा.
एक गोटी. निळा पीळ. मग भिंग काढलं, बोट फिरवलं. दोन्ही टोकं गुळगुळीत. शंभर टक्के मशीनची. आमचा माणूस नाही, असं सांगून टाकलं.
हवालदार म्हणाला, "साहेब, एकदा पाय तरी बघून घ्या." गरज वाटली नाही. वासही फार होता.
घरी विजयाने विचारलं, "भावोजी, डाव्या पायाचा अंगठा बघितला काय? इंजिनखाली चेंगरलेला हाय त्यांचा." तिला गोटीचं सगळं समजावलं. ती उठून ओट्यावर जाऊन बसली. पटलं असावं.

२० ऑक्टोबर. दिवाळी.
जयवंती दिवा लावू देईना. म्हणाली, "अहो, गोटीवरून कोणी माणूस ओळखतं काय?" मुंबईच्या जाणकाराकडून माझ्या गोट्यांची खात्री करून आणायचं ठरवलं. म्हणजे घरातली कुजबुज थांबेल. सोमवारी नक्की जायचं.

२२ ऑक्टोबर
ऑफिसात काम निघालं. गेलो नाही.

२५ ऑक्टोबर
हवालदाराचा निरोप. घिवलीचं प्रेत बेवारस म्हणून पुरलं. बिचारा, कोणाचा कोण.
विजया दिवसभर ओट्यावर बसून असते. जेवत नाही.

२ नोव्हेंबर. मुंबई.
ग्रँट रोडला एक म्हातारे पारशी गृहस्थ. त्यांच्याकडे खऱ्या जर्मन गोट्यांचं कपाटच आहे. त्यांनी माझी एकेक गोटी दिव्याखाली फिरवली. सगळ्या मशीनच्या निघाल्या. मी म्हटलं, टोकाला बोट लावा. त्यांनी लावलं. मग माझा हात धरून त्यांच्या एका गोटीवर ठेवला. खरखर अशी लागली की बोट मागे घेतलं.
निळ्या पिळाची एक त्यांनी बाजूला ठेवली. म्हणाले, ही तर अगदी अलीकडची. दिनूला दिली ती हिचीच जोडीदार. एकाच दिवशी, एकाच दुकानात घेतलेल्या.
परतताना विचार केला. म्हाताऱ्यांची नजर अधू असणार.

३ नोव्हेंबर
सकाळपासून सगळ्या गोट्यांवरून बोट फिरवतोय. लागत नाही.

४ नोव्हेंबर
जयवंतीला सांगितलं, दिनूची गोटीही मशीनचीच होती. विजया दारात उभी होती, तिने ऐकलं. रडली नाही. म्हणाली, "कुठं पुरलंय ते दाखवा."
आम्ही तिघं घिवलीला गेलो. सुरूच्या झाडांमागे वाळूचे चार-पाच उंचवटे. एकावरही खूण नाही. पंचायतीचा शिपाई नवीन, त्याला काही माहीत नव्हतं.
विजयाने विचारलं, "यातले ते कुठले, भावोजी?"
मी एकेका उंचवट्याजवळ जाऊन उभा राहिलो. जयवंती माझ्याकडेच बघत होती. शेवटी एकाकडे हात केला. विजया त्याच्यापाशी जाऊन बसली आणि वाळूवर डोकं टेकून रडायला लागली.
त्यातला दिनूचा कुठला, ते मला कळलंच नव्हतं.