अर्ज चालू आहे तोवर

३ मार्च

मुलाने इथल्या व्हिसा कचेरीत अर्ज टाकला. मला न विचारता! जेवताना सांगितलं, तोंडात घास असताना — "आई, तुझा मुक्काम सहा महिने वाढवून मागितलाय. परतीचं तिकीटही रद्द केलं." मी बॅग भरून बसले होते. "उत्तर यायला वेळ लागतो. पण अर्ज चालू आहे तोवर तू इथे कायदेशीर. काळजी नको."

कायद्याची काळजी मला नव्हतीच.

४ मार्च

साड्या परत कपाटात.

९ मार्च

कंपाउंडरांचा फोन. तिकडे घरी माझ्या समोरच्या दारात राहतात. दवाखान्यातून निवृत्त होऊन किती वर्षं झाली, गल्ली अजून कंपाउंडरच म्हणते. माझ्या घराची किल्ली त्यांच्याकडे. कुंड्यांना पाणी घालतात. इथे फोन हॉलमध्ये, स्पीकरवर, सगळ्यांदेखत. मग आम्ही कुंड्यांवरच बोलतो. "मोगरा बरा आहे. सकाळ-संध्याकाळ एकेक तांब्या, उपाशीपोटी." सून हसली. "जास्वंद मात्र तुमची वाट बघतेय."

जास्वंद कसली! मी निघाले तेव्हा त्यांनी विचारलं होतं — दोघंही एकटे आहोत, लग्न करू या का? परत आले की सांगते, म्हटलं. विमानात बसतानाच ठरलं होतं, हो म्हणायचं. पण हे स्पीकरवर कसं सांगणार?

१४ मार्च

पासपोर्टावरच्या शिक्क्यातली मुक्कामाची मुदत आज संपली. काहीच झालं नाही. गॅलरीत उभी राहिले. खाली एक बाई कुत्र्याला फिरवत होती. त्याचा पट्टा निदान दिसतो तरी.

२१ मार्च

धीर करून मुलाला म्हटलं, मला घरी जायचंय. "काय आहे तिथे? रिकामं घर." आणि वर — "अर्ज अर्धवट टाकून गेलीस तर पुढच्या वेळी दारातूनच परत पाठवतील. मग आम्हाला कधी भेटणार?" डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. प्रेमाने बोलतो, तेच तर अवघड. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! साठी उलटलेल्या आईने पोराला काय सांगावं — मला लग्न करायचंय? जीभच उचलत नाही.

२ एप्रिल

पुन्हा कंपाउंडरांचा फोन. "मुलगी न्यायला येतेय. घर विका आणि माझ्याकडे चला, म्हणते." आणि वर — "मग तुमच्या कुंड्यांचं काय करू?"

मी तोंड उघडायच्या आत मुलगाच बोलला. "काका, किल्ली आत्याकडे देऊन टाका. कुंड्या ती नेईल." आत्या म्हणजे माझी नणंद. ते "बरं" म्हणाले. नळ सोडून स्वयंपाकघरात रडले.

३ एप्रिल

मुलगा कामावर गेला तशी सून जवळ आली. "आई, रागावू नका. आत्यांनी यांना मागेच कळवलं होतं, तुमचं आणि कंपाउंडरकाकांचं. म्हणून तर तो अर्ज."

हातात परात तशीच राहिली. म्हणजे मी मेली इतके दिवस झाकत होते ते या घरात सगळ्यांना ठाऊक! लाज वाटायला हवी होती. राग आला.

"मी वकिलांना विचारलंय," ती म्हणाली. "अर्ज चालू असताना राहायची मुभा आहे, सक्ती नाही. मागे घ्यायचा आणि खुशाल जायचं."

घरात कुणी ऐकणारं नव्हतं, तरी हॉलमध्येच फोन केला, स्पीकर लावून. किल्ली कुणाला देऊ नका, म्हटलं. घर विकू नका. मी येतेय, आणि माझं उत्तर हो आहे. पलीकडे तांब्या खाली ठेवल्याचा आवाज. मग — "बरं. डोस चालू ठेवतो."

४ एप्रिल

जेवताना सांगितलं, त्याच्या तोंडात घास असताना. शुक्रवारचं तिकीट. सुनेने काढून दिलं.

"आता गेलीस तर परत येऊ देतील की नाही, कोण जाणे."

"मग तू ये," मी म्हटलं. "लग्नाला."