दर वळणावर एक डबा

आई,

आज शनिवार आहे आणि मी घरात आहे. तुला यात काही विशेष वाटणार नाही, पण इथे सनीव्हेलमध्ये कुणाला सांगितलं तर विश्वास बसायचा नाही. गेली सात-आठ वर्षं मे ते सप्टेंबर मी एकही शनिवार घरात काढलेला नाही. आठनंतर ट्रेलच्या पार्किंगला जागा मिळत नाही, म्हणून आमचा कंपू साडेसहालाच निघतो. आजही गेला. सकाळपासून ग्रुपवर फोटो येतायत, पिवळं वाळकं गवत, मागे समुद्रावरच्या धुक्याची पट्टी, आणि खाली कुणीतरी लिहिलंय, "शेफ कुठे गायब? आज नुसत्या केळ्यांवर भागवतोय यार." शेफ म्हणजे मी. सकाळपासून मी गॅरेजमधलं कपाट दोनदा लावलंय आणि मागच्या कुंड्यांना दोनदा पाणी घातलंय. तिसऱ्यांदा घालायला गेलो तेव्हा तुझी सून म्हणाली, "झाडं कुजतील. एका जागी बस जरा." माझे डोंगराचे बूट तिने कुठेतरी लपवून ठेवलेत. एका जागी बसणं आपल्या घरात कुणाला येतच नाही, तुला तरी कुठे यायचं? म्हणून हे लिहायला बसलो. घरात का आहे तेही सांगतो, पण तिथपर्यंत यायला मला थोडा वेळ लागेल.

आधी शेफचं सांगतो, म्हणजे तू हसशील. चहाचं आधण ठेवून पातेलं जाळणारा तुझा मुलगा आता दर शुक्रवारी संध्याकाळी ओट्याशी उभा राहून नाचणीचं पीठ भाजतो. खजूर आणि बदाम वाटून त्यात घालतो, साखर नाही, तूपही नाही. त्याला तू लाडू म्हणाली नसतीस हे मला माहीत आहे. मखाणे मिरपूड लावून परततो, हरभरे भाजतो, आणि भडंगसुद्धा करतो, चमचाभर तेलात. इथल्या इंडियन दुकानातले चुरमुरे सांगलीसारखे नसतात, ते दाताखाली टिकत नाहीत, पण लसूण आणि मेतकूट पडलं की चालून जातं. आमच्या ग्रुपमध्ये सगळे पन्नाशीला आलेले, कुणाची शुगर, कुणाचं कोलेस्टेरॉल. मी डबा उघडला की सगळे, "वा, हे हेल्दी आहे ना? मग चालतंय," म्हणत तुटून पडतात. मला बरं वाटतं. ऑफिसात कॉम्प्युटरच्या चिपमधल्या चुका शोधण्यात दिवस जातो, तिथे कुणी वा म्हणत नाही.

पण डब्यांची खरी गोष्ट वेगळी आहे. मार्चमध्ये एका साध्याच चढावर छातीत काहीतरी आवळलं. कुणी आतून मूठ वळावी तसं. डावा हात कोपरापर्यंत जड झाला. मागे सहाजण येत होते, आणि थांबायचं तर काहीतरी कारण हवं. हात आपोआप पाठीवरच्या सॅककडे गेला आणि मी म्हणालो, "चला, जरा खाऊन घेऊ." सगळे खूश. दोन-तीन मिनिटांत मूठ सुटली, चेहऱ्याचा रंगही परत आला असावा, कारण कुणी काही विचारलं नाही. पुढच्या शनिवारी मी एका मोठ्या डब्याऐवजी दोन लहान नेले. एप्रिलमध्ये तीन. जूनमध्ये माझ्या सॅकमध्ये पाच डबे होते, प्रत्येकात वेगळा पदार्थ, म्हणजे दर वळणावर नवीन काहीतरी उघडता यावं. लोकांना वाटायचं, काय हौस आहे माणसाला! आणि एका शनिवारी, चौथ्या डब्याचं झाकण लावता लावता, मला तू समजलीस. अकरा वर्षं उशिरा समजलीस. मी तिथेच दगडावर बसलो, आणि सगळ्यांना वाटलं मी हरभरे खातोय.

तो उन्हाळा आठवतो तुला? सहा महिन्यांसाठी आली होतीस. बाबा जाऊन वर्ष झालं होतं, आणि मी ठरवलं होतं की आईला एकही शनिवार-रविवार घरात बसू द्यायचा नाही. पायाला भिंगरी लागल्यासारखं तुला सगळीकडे फिरवलं. लाल दगडांच्या दऱ्या, गरम पाण्याचे झरे, आठ-आठ तास गाडीत. आणि मधल्या शनिवारी हे इथले डोंगर. तू पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांवर साडी नेसून चालायचीस, खांद्याला ती निळी कापडी पिशवी, तिच्यात स्टीलचे चार-पाच डबे, झाकणं उडू नयेत म्हणून रबर लावलेले. दहा मिनिटं झाली की तू थांबतेस. "अरे, पोरीला भूक लागली असेल." पोरीला भूक लागलेली नसते, तुझी नात सात वर्षांची आहे आणि पुढे पळतेय. तू तरी डबा उघडतेस. भडंग, मग पुढच्या वळणावर नाचणीच्या वड्या, मग डिंकाचा लाडू, मग आवळकाठी. येणाऱ्या-जाणाऱ्या गोऱ्या माणसांनाही देतेस, तेही बिचारे घेतात. मी घड्याळ बघतो. मी म्हणतो, "आई, काय होतंय का तुला?" आणि तू म्हणतेस, "मला काय होतंय? आम्ही सपाटीची माणसं. सांगलीत चढ म्हणजे काय तो पुलाचा." झालं. माझा विश्वास बसतो. बसायलाच हवा असतो, कारण वर पोचायची घाई मला असते.

तू परत जाण्याआधीचा तो शेवटचा शनिवार. पार्किंगमध्ये मी तुझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. "दर दहा मिनिटांनी डबा उघडलास तर वर पोचेपर्यंत अंधार होईल. आपण चढायला आलोय आई, अंगतपंगत करायला नाही." आणि पिशवी डिकीत टाकून मी प्रत्येकाच्या हातात विकतचा एकेक प्रोटीन बार दिला. तू बारचा कागद कसा फाडायचा तेवढं विचारलंस. पहिल्याच वळणावर, एका मोठ्या दगडापाशी, तू म्हणालीस, "मी इथंच बसते. तुम्ही दोघं जाऊन या. पोरीला ठेवा माझ्याजवळ, तीही दमलीय." मला राग आला होता, खरं सांगतो. वाटलं, डबे काढून घेतले म्हणून रुसलीस. मी आणि तुझी सून तरातरा वर गेलो, फोटो काढले, तासाभराने उतरलो. तू हसत बसली होतीस. पोरगी तुझा हात धरून बसली होती, गप्प. ती इतकी गप्प कशी, असं त्या दिवशी माझ्या मनात आलंसुद्धा नाही.

त्यानंतर चार महिन्यांनी तू गेलीस, सांगलीत, झोपेत. मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. नंतर तुझं कपाट आवरताना लवंगांच्या डबीत मला गोळ्या सापडल्या, जिभेखाली ठेवायच्या. पट्टी अर्धी वापरलेली. डॉक्टरांकडे गेलो तर ते म्हणाले, "तुम्हाला माहीत नव्हतं? मी विमानप्रवास नको म्हटलं होतं. म्हणाल्या, नातीला बघून येते, मग तुम्ही म्हणाल ते करू." मी ती डबी खिशात घातली आणि बाहेर येऊन भेटायला आलेल्यांना सांगितलं, झोपेतच गेली, काही त्रास नाही. सगळे म्हणाले, पुण्यवान बाई. तुझ्या सुनेलाही मी तेवढंच सांगितलं. का सांगितलं तेवढंच? त्या सहा महिन्यांत तुला कुठे कुठे चढवलं होतं ते मला माहीत होतं म्हणून.

आता परवाचं, गुरुवारचं. पोरगी आता अठरा वर्षांची आहे, सप्टेंबरमध्ये कॉलेजला जाईल, अमेरिकेच्या पूर्वेकडे, विमानाने पाच तास. त्याआधी ऑगस्टमध्ये आम्ही तिघं एका मोठ्या डोंगरावर जाणार होतो. त्याचं परमिट लॉटरीने मिळतं, आम्हाला चौथ्या वर्षी लागलं. छातीतल्या मुठीबद्दल मी गप्प होतो ते यासाठीच. एवढा डोंगर होऊ दे, ती कॉलेजला गेली की मग दाखवू डॉक्टरला. खाण तशी माती, दुसरं काय! तर संध्याकाळी ती खाली डायनिंग टेबलाशी लॅपटॉप घेऊन कॉलेजचा हेल्थ फॉर्म भरत होती, मी समोर खजुरातल्या बिया काढत होतो, तिची आई वरच्या मजल्यावर कामाच्या कॉलवर. पोरीने विचारलं, "बाबा, फॅमिली हिस्टरी. आजीला काय झालं होतं?"

"काही नाही," मी म्हणालो. "झोपेत गेली ती."

ती टाइप करायची थांबली. "नो, बाबा. आजीकडे टॅब्लेट्स होत्या."

मी बी काढत राहिलो. ती हळू आवाजात बोलायला लागली, अर्धं मराठी, अर्धं इंग्लिश. "त्या दिवशी, ऑन दॅट रॉक. तुम्ही वर गेलात, आणि आजीला घाम येत होता. खूप. तिने छोटी डबी काढली आणि टॅब्लेट टंगच्या खाली ठेवली. मग माझा हात पकडला, रिअली टाइट. आणि म्हणाली, बाबाला सांगायचं नाही हं, आपलं सीक्रेट. आय वॉज सेव्हन. मला वाटलं गेम आहे." तिने लॅपटॉपची स्क्रीन अर्धी खाली केली. "मग तू सांगलीहून फोन केलास, आजी गेली म्हणून. आय थॉट, मी सांगितलं नाही म्हणून ती गेली. मी कोणालाच सांगितलं नाही, बाबा. एव्हर."

आई, तुला हे ऐकवायलाच मी एवढं लिहितोय. मला तुझा राग आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा आला, आणि असा आला की हातातला खजूर चुरला गेला. माझ्यापासून लपवलंस ते ठीक, मी होतोच तसा. पण सात वर्षांच्या पोरीच्या मुठीत एवढं मोठं ओझं ठेवून तू विमानात बसलीस? तिने ते प्राथमिक शाळा, मिडल स्कूल, हायस्कूल, सगळीकडे वागवलं, आणि आम्ही दोघं म्हणायचो, मुलगी जरा अबोल आहे.

मी उठून तिच्या शेजारी बसलो. म्हणालो, "तुझी काही चूक नव्हती. डॉक्टरांना माहीत होतं, आजीला माहीत होतं. मोठी माणसं चुकली." तिने मान हलवली. मग माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "आणि तू? तू पण स्टीप आलं की थांबतोस. एव्हरी टाइम. मला वाटलं मी इमॅजिन करतेय."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर पोरीने बॅटरीच मारली. मी सांगून टाकलं. मार्चपासून, मूठ, हात, डबे, सगळं. आणि सगळं सांगून झाल्यावर, आई, माझ्या तोंडून काय निघालं असेल? मी म्हणालो, "पण आईला इतक्यात सांगू नकोस हं. ऑगस्टची ट्रिप होऊ दे."

तिने लॅपटॉप मिटला, उठून जिन्यापाशी गेली, आणि कधी नव्हे ते एवढ्या मोठ्याने हाक मारली की शेजारच्यांचा कुत्रा भुंकायला लागला. "आई! खाली ये. आत्ता. बाबाला बरं नाहीये."

मी तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो तेही आठवत नाही. ती जिन्याचा कठडा धरून तशीच उभी राहिली, रडत होती, पण हलली नाही. तुझी सून कानातला हेडफोन काढत खाली आली, आम्हा दोघांकडून सगळं ऐकलं, आणि मला एकच प्रश्न विचारला, "मार्चपासून?" मग फोन उचलला. काल डॉक्टरांनी ईसीजी काढला, गोळ्या दिल्या, दुखलं तर लगेच इमर्जन्सीत यायला बजावलं, आणि मंगळवारी पुढच्या तपासण्या ठेवल्यात. तोवर डोंगर बंद. परमिट तुझ्या सुनेने कालच कॅन्सल केलं, मला न विचारता.

पोरगी आता खालीच आहे, पॅकिंगच्या याद्या करतेय. ओरडल्याबद्दल मी तिची माफी मागितली, पण तिच्या त्या हाकेने किती मोकळं वाटलं ते अजून सांगितलेलं नाही. हे लिहून झालं की जाऊन सांगणार आहे, मराठीत आणि नीट. हे पत्र मात्र कुठे पाठवायचं? फाडून टाकेन बहुतेक. फक्त एक गोष्ट राहिली, ती खाली दोघींना सांगण्याआधी इथे म्हणून बघतो, कारण आपल्या घरात ती कुणी म्हटलेली मी ऐकली नाही, बाबांनी नाही, तू तर नाहीच. मंगळवारची मला भीती वाटते, आई. खूप भीती वाटते.