सीटखालचं बटण

२ जुलै २००७
आजपासून रोज लिहिणार. चौथी शिकले म्हणून काय झालं? वडप्याच्या गोडाऊन कंपनीची सगळी हिरवळ माझ्या भरोशावर हाय, ठेकाच माझा. आता कंपनीनं वर बसून गवत कापायचं मशीन दिलंय. ट्रॅक्टरचं पिल्लूच. पोटाखाली पातं फिरतं. चालवणार माझा भाऊ रघू. त्याला म्हटलं, बस राजासारखा. तर म्हणतो, ताई, राजावर कोण एवढं खेकसतं का? तोंडाळ मेला.

५ जुलै
मधे लिहिलं न्हाय. टाईम कुठाय? मशीन नखरेल निघालं. सीटखाली बटण हाय, बूड उचललं की इंजिन बंद. ओलं गवत पात्यात अडकतं, रघू काढायला उतरतो, मशीन गप्प. परत चालू करा. दिवसभर हेच. अर्धी हिरवळ तशीच.

६ जुलै
कामतघरचा लूमफिटर धनेश आणला, यंत्रमाग दुरुस्त करतो तो. बघून हसला. म्हणाला, मावशी, धागा तुटला की लूम थांबवायला पण असंच असतं, आमच्याकडं कोण ठेवतंय? सगळे बांधून टाकतात, प्रॉडक्शन मार खातं ना. त्यानं बटणाच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या. आता उतरा, नाचा, मशीन चालूच. डोकं लागतं, शाळा न्हाय लागत.

९ जुलै
रघू म्हणतो, ताई, उतरलो की पायाशी पात्याचा वारा लागतो, भ्या वाटतं. म्हटलं, बरंय की, फुकटचा पंखा. सगळे हसले. त्याची बायको काशी डबा घेऊन आलेली, ती न्हाय हसली. तिला गंमत कळतच न्हाय.

१३ जुलै
पात्यानं खडा उडवला, रघूच्या नडगीला लागला. हळद दाबली. वायर सोडू का म्हणून विचारत होता. म्हटलं, मग गवत काय दातानं तोडशील? चपलेवर काम करतो, लागणारच. उद्या त्याला जाड बूट घेणार. म्हणजे घेणारच.

१६ जुलै
बूट राहिले. पाव्हणे आले होते. रविवारी नक्की. उद्या कंपनीचे मोठे साहेब येणार, मागचा उतार पण कापून पायजे. रघूला सांगितलं, उतरताना बघून उतर. एवढं सांगणारी मालकीण कुठं मिळते?

१७ जुलै, संध्याकाळ
उतारावर गवत अडकलं. रघू उतरला. पाय घसरला.
आज जास्त लिहीत न्हाय.

१८ जुलै
उजव्या पायाची तीन बोटं गेली. साहेबांनी दवाखान्यात येऊन विचारलं, माणूस उतरला तर मशीन बंद कसं न्हाय झालं? म्हटलं, तुमचं मशीनच खराब. रघूला म्हटलं, सांग की रे. त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. इंजेक्शनची गुंगी असणार.

२४ जुलै
रघू घरी आला. काशीला नीट समजवायचं ठरवून गेले, नशिबापुढं कुणाचं चालतंय, असं. तर बसायच्या आधीच तिनं विचारलं, ताई, उतरलं की बंद व्हायचं ना ते? म्हटलं, व्हायचं गं, पण तशानं काम उरकत न्हाय. रघू हळू आवाजात म्हणाला, ताईला चहा टाक. ती आत गेली. मी बसले. बराच वेळ बसले.
चहा आला न्हाय. दूध संपलं असेल.