वन्संची ट्रंक

१४ ऑक्टोबर १९५६. दसरा.

वन्सं आल्या! न कळवता, न बोलावता. सोबत पत्र्याची ट्रंक – एवढी जड की शेजारच्या बेनेडिक्टच्या बैलगाडीतून उतरवायला दोघे लागले. चार दिवसांसाठी आलेलं माणूस पिशवी घेऊन येतं. ट्रंक आणणारं माणूस मुक्कामाला येतं.

प्रमोदिनी ही यांची धाकटी बहीण, केळव्याला दिलेली. मी हसून विचारलं, "किती दिवसांची सवड काढलीत?" तर म्हणे, "भाऊबीज करूनच जाईन, वहिनी." तीन आठवडे! स्वतःच्या घरची भातकापणी सोडून!

मामंजी श्रावणात गेले. यंदा आमच्याकडे सण नाही. दाराला तोरण बांधलं नाही, दिवाळीला कंदील लागायचा नाही, चुलीवर कढई चढायची नाही. मग सण नसलेल्या घरी सणाला यायचंच कशाला? हे म्हणाले, "बाप गेलाय तिचा." अहो, बाप श्रावणात गेला. तेव्हा तेरावा उरकला नि चौदाव्या दिवशी गाडी धरली होती की बाईंनी!

कुठेतरी पाणी मुरतंय.

१६ ऑक्टोबर

कळलं कुठे मुरतंय ते. आज देवळाच्या पायरीवर बायका बोलत होत्या – नवा कायदा झालाय, बापाच्या माघारी मुलीलाही मुलासारखा वाटा. घरी येऊन यांना विचारलं. शांतपणे सुपारी कातरत म्हणतात, "हो, पेपरात होतं ना. जूनमध्येच आलं होतं." जूनमध्ये! आणि मला ऑक्टोबरात देवळाच्या पायरीवर कळतं!

वाडी ती केवढी? दोन एकर. राजेळी केळी, पानवेलीचा एक तुकडा, चार नारळी. बावखलाच्या तळ्याचं पाणी बेनेडिक्टशी अर्धंअर्धं. लग्न होऊन आले तेव्हापासून अकरा वर्षं या वाडीत राबतेय मी. सुकेळी उन्हात घालून घालून हाताची कातडी गेली. आणि केळव्याहून येऊन अर्धी वाडी मोजून घेणार या?

यांना म्हटलं तर म्हणाले, "आपल्याला एकटी प्रेमा. तो कायदा उद्या तिच्याही कामाचा आहे." म्हटलं, प्रेमाचं वेगळं! वन्संचं वेगळं!

हे हसले. मला हसण्यासारखं काही दिसलं नाही.

१८ ऑक्टोबर. कोजागिरी.

दूध आटवलं नाही. ट्रंकेला पितळी कुलूप आहे. माहेरी कुलूप कोणासाठी?

२० ऑक्टोबर

आज डोळ्यांनी पाहिलं. सकाळी रहाट सुरू झाल्यावर वन्सं मागच्या बाजूला गेल्या. मी पानवेलीच्या आडोशाला उभी. बाई रहाटापासून पावलं मोजत निघाल्या! एक, दोन, तीन – ओठ हलत होते. वीस पावलांवर थांबल्या, इकडे तिकडे बघितलं, परत आल्या, पुन्हा मोजली. या खेपेला थोडं कुंपणाच्या अंगाने.

तलाठी तरी साखळी लावून मोजतो. ही पायांनी मोजते!

जेवताना सहज म्हटलं, "वन्सं, सकाळी फिरायला गेला होता वाटतं?" म्हणाल्या, "हो, पाय मोकळे केले." पाय मोकळे करणारं माणूस आकडे म्हणत चालत नाही. मी काही दुधखुळी नाही.

२२ ऑक्टोबर

रोज दुपारी बेनेडिक्टकडे जातात. कुंपणाला दिंडी आहे, तिथून. बेनेडिक्टची बायको आग्नेस आणि या लहानपणच्या मैत्रिणी, ते ठाऊक आहे मला. पण रोज? दोन-दोन तास?

बेनेडिक्टला आमची मागची पट्टी केव्हापासून हवी आहे. मामंजी असताना दोनदा विचारून गेला. वन्संनी आपला वाटा काढायचा नि बेनेडिक्टला विकायचा – झालं! बावखलही त्याचं, पट्टीही त्याची, आणि आम्ही रहाटाच्या कुरकुरीवर दिवस काढायचे.

आज मी मीठ मागायच्या निमित्ताने गेले. ओटीवर पाय ठेवते तोच आतला आवाज बंद. आग्नेसने घाईघाईने काहीतरी चादरीखाली सारलं! मग तोंडभर हसून, "ये गो बाय, बस. मीठ? देते ना!" ताकाला जाऊन भांडं मी लपवलं हे खरं, पण भांडं त्यांनीही लपवलं.

आणखी एक. प्रेमा सांगत होती, आत्याने तिला उभं करून दोरीने मोजलं. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. "आणि म्हणाली, आईला सांगू नको." मला रात्रभर तेच. पोरीला मोजायचं काय कारण? काही करणी-बिरणी तर नाही? यांना सांगितलं तर म्हणाले, "तू संशयपिशाच आहेस." असेन! पिशाच जागं असतं म्हणून घर राहतं.

२३ ऑक्टोबर

आगाशीला हरीला चिठ्ठी पाठवली. ये म्हटलं.

२५ ऑक्टोबर

हरी आला. माझा धाकटा भाऊ हरिश्चंद्र – आई गेली तेव्हा सहा वर्षांचा होता, मी बारा. माझ्या हातचं खाऊन वाढला. सायकल कुंपणाला टेकवली नि आधी विचारलं, "अक्का, बरी आहेस ना?" डोळ्यांत पाणी आलं माझ्या. या घरात मला हा प्रश्न कोण विचारतं?

सगळं सांगितलं. ट्रंक, पावलं, बेनेडिक्ट, दोरी. त्याने मध्ये एकदाही टोकलं नाही. मग म्हणाला, "भांडू नकोस. सही घे. वाडीवर हक्क नाही असं लिहून घ्यायचं, दोन साक्षीदार, संपलं. आणि भाऊबीजेलाच घे. ओवाळून झालं की कागद ताटात ठेवायला सांग भावोजींना. त्या दिवशी बहीण भावाला नाही म्हणत नाही."

केवढं डोकं! कागद तोच आणून देणार आहे. वसईला कचेरीबाहेर त्याच्या ओळखीचा एक लिहिणारा बसतो. म्हणाला, "मला तसंही तिकडे जायचंच आहे."

आमच्या वडिलांचं, आबांचं विचारलं. सहा महिने झाले अंथरूण धरून, आता माणूस ओळखत नाहीत. हरी आणि त्याची बायको रंभा, दोघंच सगळं बघतात. जाताना त्याला केळीचा एक फणा दिला. घडातला चांगला बघून.

२९ ऑक्टोबर

यांना कागदाचं सांगितलं. जेवता जेवता ताटावरून उठले. उठू देत. उद्या बसतील.

३० ऑक्टोबर

बसले. पण एक शब्द बोलले नाहीत. रहाटावर बेनेडिक्टशी मात्र तासभर – मुंबईचं काय होणार, गुजरात बरोबर का वेगळा! मुंबईची काळजी आहे, वाडीची नाही.

३१ ऑक्टोबर. धनत्रयोदशी.

हरी कागद देऊन गेला. सुरेख अक्षर! निळी शाई, प्रत्येक ओळ सरळ. 'मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय...' वाचताना छाती भरून आली. हरीच्या पिशवीत आणखी कागद होते, त्याचीही काही कामं असतील. चहासुद्धा घेतला नाही. म्हणाला, "भाऊबीजेला येतोच ना संध्याकाळी. ओवाळायला तयार राहा."

ज्यांना भाऊ नाही त्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. आमच्या आळीतली एक म्हातारी बिचारी दरवर्षी ताट घेऊन अंगणात उभी राहते. देवाने माझ्यावर ती पाळी आणली नाही. पाठीशी भाऊ असावा तर असा.

१ नोव्हेंबर. नरकचतुर्दशी.

काय लिहू? पहाटे अभ्यंग केलं, कारेट फोडलं नाही. न्हाऊन स्वयंपाकघरात आले तर वन्सं चुलीपुढे बसलेल्या आणि ट्रंक उघडी!

आत रवा, साखर, तांदळाचं पीठ, तुपाचा डबा, किसून भाजलेलं खोबरं. आणि तळाशी एक नवी लोखंडी कढई. म्हणाल्या, "दुखवट्याच्या घरात आपली कढई चढत नाही. माहेरवाशिणीने आपल्या घरची आणून चढवायची, मग दोष नाही. आई नाही आता सांगायला, म्हणून तुम्हाला ठाऊक नसेल, वहिनी." कुलूप का लावलं होतं? तर प्रेमाने डब्यात बोटं घालू नयेत म्हणून.

करंज्या तळल्या. घरभर वास. प्रेमा चुलीपासून हलेना. मग आग्नेस दिंडीतून आली, हातात फ्रॉक – लाल, झालर लावलेला. तिच्या मशीनवर वन्संनी शिवलेला. तो चादरीखाली लपवला होता दोघींनी! आणि दोरी त्या मापाची.

हे पहिल्यांदाच मोठ्याने हसले. मामंजी गेल्यानंतर पहिल्यांदाच.

मी दोन करंज्या खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या. सारण जरा कमी, पण चांगल्या.

२ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन.

दिवसभर कागद उशीखाली. काढला, वाचला, ठेवला. हे म्हणतात, "आता तरी फाड तो." फाडणारही होते. खरंच! पण मग मनात आलं – कढईचं कळलं, दोरीचं कळलं, पण पावलांचं काय? वीस पावलं कशाची? आवळा देऊन कोहळा काढायची रीत जगात काही नवी नाही. आधी करंजी, मग मागणी. गोड तोंडाला नाही म्हणणं जड जातं हे त्यांनाही कळतंच की.

एकदा सही झाली की मी त्यांना बहिणीसारखं वागवीन. वाटेल तितके दिवस राहू देत. पण सही आधी.

३ नोव्हेंबर. पाडवा.

यांना ओवाळलं. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी.

४ नोव्हेंबर. भाऊबीज. दुपार.

झालं.

सकाळी वन्संनी पाट मांडला, यांना ओवाळलं. हे ताटात रुपया टाकून उठायला लागले, तर मी पदराआडून कागद पुढे केला. हे घेईनात. शेवटी मीच ठेवला ताटात. निरांजनाची वात थोडी हलली.

वन्सं मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या. सगळा वाचला, घाईने नाही. मग यांच्याकडे बघून म्हणाल्या, "दादा, एवढंच होतं तर कार्डावर लिहायचं. मी तिथूनच सही करून पाठवली असती." हे खाली बघत होते. नंतर माझ्याकडे वळल्या. "सासरच्यांनी पाठवलंच होतं मला वाटा मागायला. मी म्हटलं, माझं माहेर आहे ते, मी मागणार नाही. आठ दिवस कोणी बोललं नव्हतं माझ्याशी. आता जाऊन सांगते, मागायच्या आधीच काढून घेतलं." आणि वर, "माझ्या ट्रंकेचं कुलूप तुम्ही किती वेळा चाचपलंत, तेही ठाऊक आहे मला, वहिनी. मी म्हटलं, चाचपू देत. आतलं तुमच्यासाठीच आहे."

मी दौत पुढे सरकवली.

सही केली. साक्षीला बेनेडिक्टला बोलावलं होतं, तो कागद बघून म्हणाला, "मी नाय करत यावर सही," आणि चालता झाला. दुसऱ्या घरातले दोघे आणावे लागले.

निघताना वन्संनी एकच मागितलं. त्यांच्या लग्नात मांडवाच्या खांबाला लावलेली केळ मामंजींनी नंतर वाडीत लावली होती. 'रहाटापासून वीस पावलांवर तुझी केळ आहे, पोरी,' असं ते त्यांना सांगायचे. तिचा एक मुनवा, बुंध्यातला कोंब, हवा होता, केळव्याला परसात लावायला. गेले तीन आठवडे तीच केळ शोधत होत्या, पण आता तिथे एकाची वीस बेटं झालीत, ओळखू येईना. यांनी कुदळ घेतली. दोघं बहीणभाऊ बराच वेळ तिथे वाकलेले दिसत होते. शेवटी कुठला तरी एक काढून दिला. मुळांना ओली माती, वर केळीचं पान गुंडाळून.

ट्रंक रिकामी गेली. बेनेडिक्टच्या गाडीत एकट्याने चढवली. कढई ठेवून गेल्यात. प्रेमा फ्रॉक घालून दिंडीपर्यंत रडत गेली. "आत्या परत कधी येणार?" मला विचारते. मला काय ठाऊक!

मला लाज वाटते आहे. लिहून ठेवते, कारण तोंडाने म्हणणं व्हायचं नाही. पण वाडी राहिली. वाडी राहिली ना? संध्याकाळी हरी येईल, त्याच्याशी बोललं की बरं वाटेल. उरलेल्या करंज्या त्याच्यासाठी झाकून ठेवल्यात.

४ नोव्हेंबर. तिन्हीसांजा.

हरी आला. ओवाळलं. ताटात त्याने कागद ठेवला.

तेच अक्षर, तीच निळी शाई, 'राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय'. नावं तेवढी वेगळी – माझं, त्याचं, आबांचं. म्हणाला, "अक्का, आजच्या दिवशी नाही म्हणू नकोस." सही केली. करंज्या बांधून दिल्या.

निरांजनात तेल होतं अजून. ताट घेऊन परसात गेले. बीजेची कोर नारळीवर दिसत होती. तिला ओवाळलं.