नासायला ठेवलेल्या सहा बरण्या

माय, तुला वाचता येत नव्हतं आणि तू जाऊनही आता बावीस वर्षं झाली, तेव्हा हे कागद तुझ्यापर्यंत पोचायचे नाहीत हे मला कळतं. चौथीच शिकले म्हणून मी काही येडी न्हाई. पण समोर ओव्हनमध्ये काचेच्या बरण्या तापायला ठेवल्यात, दोन तास इथून हलायचं नाही असा हुकूम आहे, आणि हातावर हात धरून बसायचं तू मला कधी शिकवलंच नाहीस. म्हणून जुन्या वहीचे मागचे कोरे कागद फाडून लिहायला बसले.

मी लातूरला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. अन्नाचं रसायनशास्त्र म्हणतात त्याला. म्हणजे तू चुलीपुढं बसून जे करायचीस तेच इथं पांढरे कोट घालून करतात, फक्त शेवटी कुणी जेवत नाही. माझ्या गळ्यातल्या कार्डावर मदतनीस लिहिलंय. इथं एक पोरगी आहे, नांदेडची, तिच्या कार्डावर संशोधन सहायक लिहिलंय. संशोधन ती करते आणि सहाय्य मी करते. काचेची भांडी मी धुते, वजनं मी करते, बरण्यांवरच्या चिठ्ठ्या मी लिहिते, कारण तिचं अक्षर कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं आहे. हे मी तिला तोंडावर सांगितलंय. पहिल्याच आठवड्यात मी सरांनाही सांगितलं होतं की तुमची शेंगदाण्याची चटणी अळणी आहे. सर खुर्चीतून उठलेच. "बाई, तुम्ही नमुना खाल्लात?" नमुना म्हणे! बोटभर चटणी होती. त्या दिवसापासून भिंतीवर कागद लावलाय, 'प्रयोगशाळेत काहीही खाऊ नये', आणि तो माझ्याच अक्षरात आहे, कारण सरांनी तो मलाच लिहायला लावला.

गेल्या उन्हाळ्यात पोरगीनं लोणच्याचं काम काढलं. कैरीचं, करडईच्या तेलातलं, पण मीठ निम्मं. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनाही खाता यावं म्हणून. आता मीठ कमी म्हणजे लोणचं नासणार, हे तर शेंबडं पोरही सांगेल. तर तिचं म्हणणं असं की शेवग्याच्या पाल्याची भुकटी घातली की कमी मिठातही टिकतं. ते सिद्ध करायला बारा बरण्या. सहांत भुकटी घालायची, सहा तशाच सोडायच्या. भुकटीवाल्या टिकल्या पाहिजेत आणि साध्या नासल्या पाहिजेत, मगच वरचे लोक मानणार. मी विचारलं, "म्हणजे सहा बरण्या लोणचं आपण जाणूनबुजून नासवायचं?" ती म्हणाली, "हो मावशी, त्यांचं कामच ते आहे." मी कपाळावर हात मारला. एवढं करडईचं तेल!

आणि बरण्या भरायच्या दिवशी तू आलीस, माय. खरंच सांगते. ओव्हनमधून बरण्या काढून ठेवल्या होत्या आणि पोरगी जेवायला गेली होती. मी एका बरणीत नाक घातलं तर आत दवाखान्याचा वास. मला एकदम कंधार दिसलं. शेठाणीच्या घरातला सैपाकघराचा तो कोपरा, तू पाटावर बसलीयेस, मी तुझ्या मागं. वर्षाचं लोणचं घालायला गावातली चार मोठी घरं तुलाच बोलावायची. तू प्रत्येक फोड कोरड्या धडप्यानं पुसतेस, जसं बाळंतिणीचं लेकरू पुसावं. मग मोडक्या पळीत गोवरीचा निखारा घेतेस, त्यावर मुगाएवढा हिंग टाकतेस आणि बरणी उपडी धरतेस. निळा धूर आत चढतो. "पोटात घेऊ दे तिला," म्हणतेस. मग तोंडाला फडकं कोंबतेस. "ओल लागली की मेली बरणी. हात धुतल्याबिगर लोणच्याला शिवशील तर कंबरडं मोडीन." हे बोलताना तू माझ्याकडं बघतसुद्धा नाहीस, तुला माहीतच असतं की माझा डोळा लोणच्यावर आहे.

तर मी काय केलं, डब्याच्या पिशवीत हिंगाची डबी होतीच, मागं पाण्याच्या टाकीपाशी माळ्याच्या बायकोची गोवरी धुमसत होती, मी बाराच्या बारा बरण्यांना धुरी दिली. नागड्या बरणीत लोणचं घालायचं माझ्या हातून झालंच नसतं. पोरगी जेवून आली, नाक वर करून म्हणाली, "कसला वास येतोय मावशी?" मी म्हटलं, "तुझ्या डब्यातल्या वरणाचा." तिनं बरण्या भरल्या आणि मी चिठ्ठ्या लावल्या.

मग आम्ही नासायची वाट बघत बसलो. पाऊसकाळ गेला. भुकटीवाल्या बरण्या झकास. साध्या बरण्याही झकास. पोरगी रोज झाकण उघडून बघायची, थेंब थेंब काढून काचेच्या ताटल्यांत घालायची, बुरशी काही येईना. गणपती झाले, दसरा झाला. एक दिवस ती फळीपुढं स्टुलावर बसून रडायला लागली. माय, आजवर लोणचं नासलं म्हणून रडलेल्या बाया मी पाह्यल्या, चांगलं राहिलं म्हणून रडणारी ही पहिलीच. सर येऊन चिडायचे, "साधं का नासत नाही? मीठ तपासा. तेल तपासा." सगळं तपासलं. मग तिनं मला विचारलं, "मावशी, बरण्या धुताना काही वेगळं केलं होतं का?" मी म्हटलं, "न्हाई." धुताना नव्हतंच केलं. धुतल्यावर केलं होतं.

तोवर माझ्या ध्यानात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण माझी नोकरी दर अकरा महिन्यांनी नव्यानं लागते आणि कागदावर सही सरांची असते. बोटभर चटणीला ज्यांनी भिंतीवर कागद लावला, ते गोवरीला काय लावतील? जगात कुणाची चूक दिसली की माझं तोंड आधी उघडतं, बस कंडक्टर असो की जावई. आणि आता पोरगीचं वर्ष बुडायला आलं तर माझी दातखीळ बसली. दिवाळीनंतर तिला नांदेडला मोठ्या लोकांपुढं उभं राहून हे काम दाखवायचं होतं. साध्यातही टिकतं म्हटल्यावर तिच्या भुकटीचा उपयोग काय? काम तिथंच बंद झालं असतं. तिच्या घरचे तसेही म्हणत होतेच की पुरे झालं आता लोणचं.

नांदेडला दोन बरण्या दाखवायला न्यायच्या होत्या, एक भुकटीची, एक साधी. सर आदल्या दिवशीच पुढं गेले. पोरगीच्या हातात कागद, म्हणून बरण्या धरायला मी. एसटीत दोन्ही मांडीवर घेऊन बसले, जुळी लेकरं घेतल्यासारखी. पोरगी खिडकीकडं तोंड करून बसली होती. चाकूरला एक म्हातारी चढली, नऊवारी लुगडं, काखेत गाठोडं, आणि माझ्याशेजारी रेटून बसली. बसल्या बसल्या तिची नजर बरणीवर.

"लोणचं हाय का? माझ्यापशी भाकर हाय. एक फोड दे की."

पोरगी म्हणाली, "आजी, ते खायचं नाही. प्रयोगाचं आहे."

"खायचं न्हाई मग घातलं कामून?"

पोरगीनं बिचारीनं सगळं समजावून सांगितलं. मीठ कमी, हे टिकायला पाहिजे होतं, हे नासायला पाहिजे होतं, आणि नासलंच नाही. म्हातारीनं साध्या बरणीचं झाकण नाकाशी नेलं, डोळे मिटले. "धुरी दिलीया. हिंगाची."

"नाही आजी," पोरगी हसली, "लॅबमध्ये तसलं काही नसतं."

म्हातारी झाकण परत लावून नुसती माझ्याकडं बघत राहिली. मी समोरच्या सीटवरची 'थुंकू नये' ही पाटी दोनदा वाचली. मग तिसऱ्यांदा वाचली. मग म्हटलं, "दिली होती. मी दिली होती."

पोरगी वळली. "मावशी?"

"गोवरीच्या निखाऱ्यावर. तू जेवायला गेली होतीस."

"शेणाची गोवरी? मावशी, त्या बरण्या निर्जंतुक केल्या होत्या!"

"मग? निर्जंतुक केल्यावर पुन्हा निर्जंतुक केल्या."

"सगळ्या बारांना?"

"बारांना. मी काय सहा बरण्यांशी सावत्रपणा करू?"

म्हातारी म्हणाली, "बराबर केलंस बाई," आणि गाठोडं सोडून कोरडीच भाकर खायला लागली. पोरगी अहमदपूरपर्यंत पुन्हा खिडकीकडं वळून बसली. रडते आहे की काय म्हणून मी वाकून बघितलं तर तिचे खांदे हलत होते. हसत होती. कधीपासून हसत होती देव जाणे. मग एकदम गप झाली आणि म्हणाली, "तुम्ही मला बरण्यांपुढं रडताना बघितलं, मावशी." मी म्हटलं, "हाव. बघितलं." तिनं वही काढली. "हिंग किती?" मुगाएवढा. "धूर किती वेळ?" मी म्हटलं, बरणीचा तळ दिसेनासा होईपर्यंत. ती लिहीत गेली. लोहा आलं, कंधारचा फाटा मागं गेला, मी तिकडं बघितलं नाही.

नांदेडला मला बाहेर बाकावर बसवलं. अर्ध्या तासानं आत बोलावलं. लांब टेबलामागं पाच जण, मधोमध एक वयस्कर मॅडम, आणि कडेला आपले सर, तोंड कारल्यासारखं. पोरगीनं सगळं खरं सांगून टाकलं होतं. स्वतःच्याच तोंडानं, की माझा प्रयोग बिघडला आणि तो असा बिघडला. मॅडमनी मला विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "कुणी सांगितलं न्हाई. माझी माय करायची." सर मध्येच म्हणाले, "मॅडम, यापुढं असं होणार नाही." मॅडम म्हणाल्या, "होऊ द्या की. पण मोजून होऊ द्या." आणि त्यांनी पोरगीला आणखी एक हंगाम दिला. आता चोवीस बरण्या. सहा भुकटीच्या, सहा धुरीच्या, सहा दोन्हीच्या आणि सहा अगदी साध्या. बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, "बाई, त्या शेवटच्या सहा बरण्यांच्या आसपास तुम्ही दिसलात तर बघा." म्हणजे नोकरी राहिली, एवढं मला कळलं.

त्याच चोवीस बरण्या आता समोर तापत आहेत. बाहेर पाटीत कैऱ्या येऊन पडल्यात. सहांना धुरी द्यायची नाही, हे मी सकाळपासून स्वतःला बजावते आहे.

काल पोरगीनं मला वही दिली आणि म्हणाली, पद्धत तुमच्याच अक्षरात लिहा. मी लिहिली. गोवरी, निखारा, हिंग, उपडी बरणी. खाली रकाना होता, पद्धत कुणाकडून मिळाली. तिथं मी लिहिलं, माझी माय, कंधार. तुझ्याबद्दल कुठं काही लिहिलं गेलं असेल तर एवढंच. मग पोरगीनं विचारलं, "तुमच्या आईचं लोणचं कधीच नासलं नाही?" मी म्हटलं, "एकदा." तिनं पेन उचललं. "का?" मी म्हटलं, "काय की."

तुला ती बरणी आठवत असेलच. शेठाणीची, चिनी मातीची, कंबरेएवढी. श्रावणात उघडली तर वर पांढरी साय. शेठाणी ओसरीवरूनच बोलली, "तुझा हात गेला गं आता." तू उलट बोलली नाहीस. तू, जी भाजीवालीला एका मिरचीवरून रडवायचीस. घरी आलीस, आपले दोन्ही तळवे उलटेपालटे करून बघितलेस आणि पुन्हा कुणाच्या घरी लोणचं घालायला गेली नाहीस. आपल्या घरचंसुद्धा शेजारणीकडून घालून घेतलंस. मरेपर्यंत.

माय, त्या बरणीतली एक फोड मी घेतली होती. तू तेल गरम करायला गेलीस तेव्हा. तू म्हणायचीस हात धुतल्याबिगर शिवायचं नाही, म्हणून मी हात धुतले. चांगले घासून धुतले. पुसायचं राहिलं. तुझ्या हाताला काही झालं नव्हतं. बरणी उघडली तेव्हा मी तिथंच दाराआड उभी होते आणि मला कळलंही होतं.

ओव्हन वाजला. पोरगी येईल आता. गोवरी पेटवायला कागद लागणारच आहे, हेच घेते. मी हात दोनदा पुसलेत.