टँकरवाल्याचा फोन उचला

आबा,

वाळूजला कामावर निघाले. नळाला आजही पाणी नाही. दुपारी टँकरवाला फोन करील. नंबर अनोळखी असेल, तरी उचला.

त्या रविवारी शेजारच्यांना कुणी फोनवरून लुबाडल्याचं कळलं, तेव्हा अनोळखी फोन घ्यायचाच नाही, असं मी तुम्हाला बजावलं. आई म्हणाली, "लई धाक घालू नको गं त्यांना." दुसऱ्या दिवशी ती बाजारात कोसळली. कुणी भला माणूस स्वतःच्या फोनवरून तुम्हाला फोन लावत राहिला आणि तुम्ही कट करत राहिलात.

दहाव्याला मल्हारकाका सगळ्यांदेखत म्हणाले, "दादा, फोन उचलला असता तर वहिनी वाचली असती." मी गप्प बसले.

आत्ता त्यांना फोन करून सांगितलं, "काका, उचलू नका असं मीच सांगितलं होतं."

योगिनी