मोतीलालचा पाय

धानोरा, ४ फेब्रुवारी १९६४
चि. पितांबर यास जसोदाआक्काचे अनेक आशीर्वाद.
आईचा खोकला उतरला. तू वाळलास असं मुंबईहून आलेला रतिलाल सांगत होता. खानावळीत तूप मागून घेत जा, लाजू नको.
कळसाडीहून निरोप आलाय. माझ्या जेठाच्या, थोरल्या दिराच्या, मोतीलालच्या गुडघ्यामागची नाडीसारखी उडणारी गाठ फुटली. पोटरी काळीनिळी, पाऊल गार. सुरतेवरून मुंबईला नेताहेत, तुझ्याच इस्पितळात.
हे गेल्यावर त्यानं मला घराबाहेर काढलं, ते सोसलं. पण दिवस भरत आले असताना त्याच पायानं लाथ घातली. पोर पोटातच गेलं, आणि ओट्यावरून पडली म्हणून त्यानं गावभर सांगितलं. तो पाय कापून टाक. तुला माझी शपथ.
तुझी वाट पाहणारी,
आक्का

मुंबई, १२ फेब्रुवारी १९६४
ती. गं. भा. आक्काच्या चरणी साष्टांग नमस्कार, वि. वि.
तुझं पत्र आलं तेव्हा शस्त्रक्रिया होऊन गेली होती. मोतीलालनं मला ओळखलं नाही. माझी बाही धरून म्हणाला, "मन्हा पाय ऱ्हाऊ द्या." पाय कापायचा की शीर जोडून पाहायची, असं मोठ्या डॉक्टरांनी मला विचारलं. मी म्हटलं, जोडून पाहू.
फुटलेली रोहिणी वरखाली चिमट्यांनी बांधली, साकळलेलं रक्त काढलं. दुसऱ्या मांडीतली शीर काढून, आतल्या झडपांनी रक्त अडू नये म्हणून उलटी करून मध्ये शिवली. चिमटे सोडल्यावर बराच वेळ काही नाही. मग पाऊल ऊबदार झालं. माझ्या बोटाखाली नाडी लागली तेव्हा मला त्याचा इतका राग आला की हात धुवायला निघून गेलो.
मी कोण, हे त्याला अजून सांगितलेलं नाही. सांगू का?
रागावलीस तरी आशीर्वाद आवरू नकोस.
तुझा पितांबर

धानोरा, १९ एप्रिल १९६४
चि. पितांबर यास अनेक आशीर्वाद.
शपथ पोचण्याआधीच तू ती मोडलीस. म्हणून इतके दिवस लिहिलं नाही.
काल एस.टी.नं कळसाडीला गेले. मोतीलाल ओट्यावर बसून चार माणसांना पाय दाखवत होता, मुंबईच्या डॉक्टराला देव म्हणत होता. जेठापुढं पहिल्यांदाच पदर न ओढता बोलले. म्हटलं, "तुन्हा पाय मन्हा भाऊनी वाचाडा. आते याच पायवर उभा ऱ्हाय, नि मन्हं पोर कसं गयं ते सांग."
तो उभा राहिला. त्याची बायको धनुबाई खाली बघत म्हणाली, ती पडली नव्हती. एवढं बोलून आत गेली. मग माणसंही एकेक करून उठली. त्याला बस म्हणायला कोणी उरलं नाही.
पाय कापला असतास तर त्याला बसून राहायला निमित्त मिळालं असतं.
त्या घरचं पाणी न पिता परतले. आखाजीच्या सणाला ये. आईला तुझ्या हातचं औषध हवंय, आणि मला तुझ्याशी भांडायचंय. माया आहे तशीच असू दे.
तुझी आक्का